ज्याचं काही गुंतलेलं नाही

इंग्रजीतल्या एका विशेषणाशी माझं वाकडं आहे. आधी ते माझं लाडकं होतं, म्हणून वाकडं जरा जास्तच आहे.

शब्द आहे डिसइंटरेस्टेड. पंचवीस वर्षं मी अर्जुनी मोरगावला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि पंचवीस वर्षं या शब्दापायी लोकांशी भांडत आले. मुलं चुकतात ते ठीक, पण एम. ए. झालेले सहकारी चुकतात, बातम्या वाचणारे चुकतात, आणि चुकल्याची लाज कुणाला नाही. एखाद्याला अभ्यासात रस नसला की हे त्याला डिसइंटरेस्टेड म्हणून मोकळे. मी तो शब्द लाल पेनने असा खोडायची की खूण मागच्या पानावर उमटायची. ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा नफा-तोटा त्या गोष्टीत गुंतलेला नाही, आणि म्हणूनच जो नीट निवाडा करू शकतो तो. फळ्यावर मी कबड्डीचं मैदान काढायची. कडेला झोपलेला प्रेक्षक हा अनइंटरेस्टेड, आणि शिट्टी तोंडात धरून रेषेवर उभा असलेला पंच हा डिसइंटरेस्टेड. मुलं हसायची, पण लक्षात ठेवायची.

हल्ली शब्दकोशात दोन्ही अर्थ देतात, तेही मला ठाऊक आहे. एका तरुण सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये मोबाईल माझ्या नाकासमोर धरून दाखवलं होतं. मी म्हटलं, शब्दकोशाने हात टेकले म्हणून मी कायले टेकू? माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. अर्थ बरोबर असला की माणूस बरोबर असतो, अशी माझी पक्की समजूत होती.

आता बाबांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन पडलं.

माझं माहेर अर्जुनीपासून बसने पाऊण तासावर. इटियाडोह धरणाचा नहर, म्हणजे कालवा, पलीकडच्या गावांना भिजवतो, आमच्या गावाला तो शिवतही नाही. आमचा आपला मालगुजारीच्या काळातला तलाव आहे, आणि त्याच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायचं तोंड आहे, त्याला तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाणी आधी वरच्या बांध्यांत जातं. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे, मातीचे छोटे बांध, घातलेलं धानाचं वावर. वरची बांधी भरली की धुऱ्यातल्या खाचेतून पाणी खालच्या बांधीत, तिथून आणखी खाली. पाट नाही, पाइप नाही. ज्याच्या त्याच्या वावरातून पाणी पुढे जातं, आणि वरच्याने खाच बुजवली की खालचा बसला आभाळाकडे पाहत.

अशा गावात तुडूम कुणाच्या हाती द्यायचं, हा साधा प्रश्न नाही. आमच्या गावाने तो फार जुन्या काळी सोडवला होता. ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, त्याच्या हाती तुडूम. आमची दीड एकर अगदी शेवटी आहे, तिच्यापुढे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. म्हणून ते काम आधी आजोबांकडे होतं, नंतर बाबांकडे आलं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून तुडूम उघडायचा लोखंडी दांडा आमच्या ओसरीत भिंतीला टेकलेला असायचा. बाबा म्हणायचे, "पानी मले भेटला म्हंजे साऱ्यायले भेटला." एवढंच त्यांचं शास्त्र. स्वतःचं वावर भिजवायचं तर त्यांना अख्खं गाव भिजवावं लागायचं, त्याशिवाय पाणी त्यांच्यापर्यंत येतच नव्हतं.

बाबा गोड माणूस नव्हते. कुणी खाच बुजवली की धुऱ्यावर उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढायचे, बाया चिखलात धानाची रोवणी करत असल्या तरी थांबायचे नाहीत. वरच्या बांध्यांचे मालक त्यांच्यावर खार खाऊन होते. सख्ख्या भावाने, म्हणजे माझ्या काकाने, एकदा धुऱ्यात दगड घालून पाणी अडवलं, तर बाबांनी तो दगड उचलून काकाच्या अंगणात नेऊन टाकला आणि काकूसमोर म्हणाले, "हा तुहा दगड, घरात ठेव, पूजा कर." दोन वर्षं भाऊ-भाऊ बोलले नाहीत. मला लहानपणी याची लाज वाटायची. मैत्रिणींचे बाप कसे शांत, आमचाच बाप चोवीस तास भांडणारा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गावात पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था झाली आणि तिचा सचिव झाला माझाच एक जुना विद्यार्थी. नागपूरला पाच-सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन परत आलेला. मुलगा हुशार, बोलायला तरबेज, वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. त्याने सभा बोलावली, विषय एकच: तुडूम यापुढे कुणाकडे द्यायचं.

बाबांनी मला फोन केला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, "रविवार आहे तर ये बाई. हे पोट्टे इंग्रजी बोलून राहिले, मले काही समजत नाई. तू बसशील तर बरा." मी गेले. मुलगी शिकलेली आहे, सभेत चार शब्द आपल्या बाजूने बोलेल, एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

सभा समाजमंदिरात होती. सचिवाने आधी जुन्या पद्धतीचं कौतुक केलं. कौतुक लांबलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. मग बाबांकडे हात करून म्हणाला, "काकाजींनी आयुष्य घातलं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांची स्वतःची बांधी याच पाण्यावर आहे. आम्हाला प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलंय, पाणी वाटणारा डिसइंटरेस्टेड पर्सन पाहिजे."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर आनंद. शब्द बरोबर वापरला होता. पंचवीस वर्षांत हजारो मुलं हाताखालून गेली, त्यातल्या एकाने तो भर सभेत, माझ्या गावात, अगदी नेमक्या जागी वापरला होता.

तेवढ्यात बाबांचे बालमित्र उठले. यांची बांधी मधल्या भागात, शाळा चौथीपर्यंत. म्हणाले, "इंटरेस्टेड म्हंजे मले समजते, बँकेतबी असते ना इंटरेस्ट. आता डिस म्हंजे ज्याले इंटरेस्ट नाई तो. मंग मले सांगा, ज्याले इंटरेस्टच नाई त्याच्या हाती तुडूम देऊन का करता? तो चिखलात पाय कायले घालन?"

लोक हसले, पण माना हलत होत्या. मधल्या भागातले, खालच्या भागातले सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सभा फिरत होती. सचिवाच्या ते लक्षात आलं आणि तो माझ्याकडे वळला. "मॅडम बसल्या आहेत. मॅडमनीच मला शिकवलाय हा शब्द. मॅडम, तुम्हीच सांगा."

मी उभी राहिले.

मला म्हणता आलं असतं की शब्द मरू दे, म्हातारा बरोबर बोलतोय. म्हणता आलं असतं की ज्याच्याविषयी चाललंय तो माझा बाप आहे, मला विचारूच नका. मी काय केलं, तर वर्ग घेतला. म्हटलं, "काकाजी, तुम्ही म्हणता तो शब्द वेगळा, तो अनइंटरेस्टेड. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःस्वार्थी, ज्याचा स्वतःचा लाभ त्यात नाही असा. जसा पंच. पंच कुठल्याच संघाचा नसतो, म्हणून आपण त्याचं ऐकतो." फळा नव्हता म्हणून हवेत बोटाने कबड्डीची रेषसुद्धा काढली. आवाज माझा चांगला आहे, मागच्या भिंतीपर्यंत गेला असेल. बाबांचे मित्र खाली बसले. एवढी शिकलेली बाई, तीही त्यांच्याच दोस्ताची मुलगी, सांगते आहे म्हटल्यावर त्यांनी तरी काय करायचं?

"झालं तर मग," सचिव म्हणाला. "मॅडमच्याच तोंडून ऐकलं. काकाजी खेळणाऱ्या संघातले आहेत, पंच कसे होणार?"

हात वर झाले. पहिला हात काकाचा होता. बाबांनी कुणाला शिवी दिली नाही. ते घरी गेले, दांडा घेऊन आले, सचिवाच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. मी मागोमाग. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "शब्द बराबर सांगितलास ना?"

"हो बाबा."

"मंग झालं," म्हणाले.

सचिवाच्या घरची सहा एकर तुडुमाच्या अगदी तोंडाशी आहे, हे मला परतीच्या बसमध्ये आठवलं. पंच कोण असावा हे खेळणाऱ्यांपैकीच एकाने ठरवलं होतं आणि शिट्टी मी त्याच्या हातात दिली होती. एवढी इंग्रजी शिकवून एवढा साधा प्रश्न मला वेळेवर सुचला नाही. शहाणपण माझ्याकडे बसने, अर्ध्या तासाने येतं.

नवा माणूस शेजारच्या गावातला ठेवला, पगारावर. शेत नाही, गावात नातं नाही, कुणाशी घेणं-देणं नाही. माणूस वाईट नव्हता. हे सांगताना माझी जीभ जड होते, पण नव्हता. त्याने कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. मोबाईलमध्ये पाहून सकाळी बरोबर आठला तुडूम उघडायचा, बरोबर पाचला बंद करायचा, आणि वहीत लिहायचा: वरचा भाग इतके तास, मधला इतके, शेवटचा इतके. तास सगळ्यांना सारखे. असा समान न्याय गावाने कधी पाहिला नव्हता.

श्रावण-भादव्यात पाऊस पुरला, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. लोक म्हणायचे, बरा झाला बाप्पा, धुऱ्यावरच्या शिव्या बंद झाल्या. मग दसऱ्याच्या आधी पाऊस गेला तो गेलाच. वरच्या बांध्यांत हलका, लवकर येणारा धान, तो केव्हाच निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. आमच्याकडे, शेवटी, भारी म्हणजे उशिरा येणारा धान. तो तेव्हा गर्भात असतो, लोंबी आत असते आणि बाहेर यायला तिला पाणी लागतं. त्या दहा-बारा दिवसांत पाणी मिळालं तर धान, नाही तर तणस, म्हणजे नुसता पेंढा.

नव्या माणसाने तुडूम उघडलं, अगदी वेळेवर. शेवटच्या भागाचे तास चालू झाले आणि वरच्यांनी खाचा बुजवल्या. त्यांच्या बांध्यांत पोटरीभर पाणी साचलं, आणि खाली चिखलाला भेगा. नवा माणूस मोहाच्या झाडाखाली बसलेला. खालचे लोक त्याच्याकडे गेले तर तो शांतपणे म्हणाला, "मी टाइमवर सोडलो भाऊ. समोर पानी कोठी गेला, मले का मालूम?" आणि त्याने वही दाखवली.

मी शनिवारी दुपारी पोचले तेव्हा बाबा आपल्या धुऱ्यावर बसले होते. त्यांच्या समोर पाच बांध्यांपलीकडे पाणी चमकत होतं, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "बाबा, असे बसता काय? जा ना, फोडा ती खाच. आजवर गावभर भांडलात, आज काय झालं?"

"कोन्या हक्काने फोडू?" ते म्हणाले. "तेव्हा दांडा होता माह्या हाती. आता दुसऱ्याच्या वावरात शिरलो तर मी चोर."

मी तशीच सचिवाकडे गेले. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत बसला होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. या मुलाच्या वळणाचा मला तेव्हा इतका राग आला की उभं राहूनच बोलले. "शेवटच्या बांधीत पाणी गेलेलं नाही. चल माझ्यासोबत, पाहा."

त्याने रजिस्टर काढलं. "मॅडम, शेवटच्या भागाला तास सगळ्यांइतकेच दिलेत. उलट अर्धा तास जास्तच आहे."

"तास पिऊन धान निसवत नाही रे."

"तक्रार लेखी द्या, पुढच्या सभेत घेऊ."

"पुढच्या सभेपर्यंत तिथे धान राहील का? तुझ्या बापाची बांधी तुडुंब भरली आहे. तिची खाच कुणी बुजवली ते विचार आधी घरी जाऊन."

तो चिडला नाही. मला तो चिडायला हवा होता. शांतपणे म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण शेत तुमच्या वडिलांचं आहे. तुम्ही इंटरेस्टेड पार्टी आहात. तुमचं म्हणणं मी कसं धरू? तुम्हीच शिकवलंय."

आणि तेही बरोबर होतं. शब्दाला धक्का न लावता त्याने माझं तोंड बंद केलं. वर्गात कुणी असं अचूक उत्तर दिलं असतं तर मी शाबासकी दिली असती. मी त्याला तिथे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाबांच्या शिव्या मला इतक्या पाठ असतील हे मलाही माहीत नव्हतं. बाहेर चार लोक जमले आणि उद्या गावभर काय होणार ते मला कळलं: बापाची बांधी वाळली म्हणून मॅडम पोराच्या अंगावर गेली.

पाणी आलं नाही. लोंब्या निम्म्या आतच राहिल्या, बाहेर आल्या त्या पोचट. शेवटच्या भागातल्या सात घरांचं तेच झालं. इतर सहा घरं रडली, भांडली, तहसीलला जाऊन आली. बाबांनी विळा घेतला आणि उभा धान बैलांसाठी कापायला काढला. मी सोबत गेले. दिवसभर आम्ही दोघं एका बांधीत वाकून कापत होतो आणि ते माझ्याशी शेताचं, उन्हाचं, माझ्या गुडघ्याचं बोलत होते. सभेचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढू दिला नाही. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा म्हणाले, "पेंढी बांध." त्यांनी मला एकदा तरी झोडपून काढायला हवं होतं. गावातल्या प्रत्येकाला त्यांनी शिव्या दिल्या होत्या, फक्त मला नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पौषात त्यांनी ती दीड एकर शेजारच्याला ठेक्याने देऊन टाकली. मला नंतर सांगितलं. विचारलं, का दिली, तर म्हणाले, "होत नाई आता." चौऱ्याहत्तरीचा माणूस, होत नाही म्हणाला तर कुणालाही पटेल. पण हाच माणूस आदल्या वर्षी रोवणीला पहाटेपासून चिखलात उभा होता.

या उन्हाळ्यात नवा माणूस काम सोडून गेला, गोंदियाला एका गोदामावर लागला. जाताना वही नीट पुसून-बांधून देऊन गेला म्हणतात. तोवर आणखी एक हंगाम गेला होता आणि पाण्यावरून गावात पुरतं फाटलं होतं. मधल्या भागाने वरच्यांचे धुरे तोडले होते, दोघांची डोकी फुटली होती, आणि जे लोक शिव्या बंद झाल्या म्हणून खूश होते तेच आता म्हणत होते, म्हातारा होता तोवर बरा होता.

मी सुट्टीत माहेरी असताना सचिव घरी आला. सोबत काका आणि आणखी दोघं. काका उंबऱ्याशी उभा राहिला, आत आला नाही. सचिव बाबांच्या पाया पडला आणि दांडा त्यांच्या खाटेवर ठेवला. म्हणाला, "काकाजी, संस्थेने ठरवलंय, तुडूम परत तुमच्याकडे. आता अडचणही नाही. तुमची बांधी ठेक्याने गेली, म्हणजे तुमचा स्वार्थ उरला नाही. तुम्ही अगदी नियमात बसता."

हे तो मनापासून बोलत होता. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

बाबांनी तो दांडा पाहिला. हात लावला नाही. मग म्हणाले, "बापू, धान पाहाले जात होतो म्हून पानी पाहत होतो. आता कोन्या बांधीत गेला, कोन्या बांधीत नाई गेला, मी कायले पाहू? मले का करा लागते?"

सचिवाला ते समजलं नाही. तो परत नियम सांगायला लागला, सोपं करून, लहान मुलाला सांगावं तसं. बाबांनी त्याला मध्येच थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "तिले विचार. तिले नीट सांगता येते."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. त्यांना खरोखर वाटत होतं की मला नीट सांगता येतं.

सगळे माझ्याकडे पाहत होते, सभेत पाहिलं होतं तसे. मी उठले, खाटेवरचा दांडा उचलला आणि सचिवाच्या हातात दिला.

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. "आणि मला काही विचारू नकोस. मी त्यांची मुलगी आहे."